पंचेचाळीस अंशांचा सल्ला: गोळाफेकीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे प्रकरण तिथलं. कॉलेज, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. मोजमापं त्या वेळी वहीत लिहिली होती, तशीच दिली आहेत.

अकरावी विज्ञानच्या वर्गात एक मुलगी होती, गोळाफेक करणारी. दहावीपर्यंत ती १७ वर्षांखालील गटात ३ किलोचा गोळा टाकायची, साडेनऊ मीटरच्या आसपास. अकरावीत गट बदलला आणि हातात ४ किलोचा गोळा आला. जुलैत तिची फेक ८.१० ते ८.३० मीटरवर स्थिरावली होती. वजन वाढल्यावर अंतर कमी होणारच, त्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. सप्टेंबरात तालुका स्पर्धा होती, त्यानंतर जिल्हा.

तिला शिकवणारे क्रीडाशिक्षक वयाने मला बरेच ज्येष्ठ. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा, तरी गोळाफेकीचं सिमेंटचं वर्तुळ ते रोज सकाळी झाडून कोरडं करायचे. कोन, वेग, ऊर्जा हे शब्द त्यांच्या तोंडी फारसे नसत. "फेकू नको, ढकल" आणि "डावा पाय रोव", ही त्यांची दोन वाक्यं मात्र मैदानाजवळून जाताना रोज कानावर पडायची. आपण मराठीत 'गोळाफेक' म्हणतो खरं, पण नियमाप्रमाणे गोळा मानेला, हनुवटीला टेकवून एका हाताने पुढे ढकलायचा असतो. हात खांद्याच्या रेषेमागे गेला की फाउल. या एका नियमावर पुढचं बरंचसं भौतिकशास्त्र उभं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अडचण कशी सुरू झाली

जुलैच्या अखेरीस वर्गात प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची हवेतली गती, चालू होतं. पल्ल्याचं सूत्र फळ्यावर मांडलं: वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचं साइन, भागिले गुरुत्वीय त्वरण. साइनची सर्वांत मोठी किंमत १, म्हणून दुप्पट कोन ९० अंश, म्हणून कोन ४५. हे उत्तर निघतं तेव्हा वर्गात दरवर्षी चेहरे उजळतात आणि मलाही तो क्षण आवडतो. त्या दिवशी उदाहरण समोरच बसलं होतं. मी तिला विचारलं, "तू किती अंशांत टाकतेस?" तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले आणि उभ्या उभ्या अंदाज घेतला. गोळा ४५ अंशांपेक्षा बराच खालून जात होता. मी तिला म्हटलं, "अजून वर टाक. पंचेचाळीसला जास्तीत जास्त लांब जाईल."

पहिला निर्णय हा, आणि तो माझा एकटीचा. क्रीडाशिक्षक दहा पावलांवर उभे होते. मी त्यांना विचारलं नाही. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी संमती समजले. पुढे कधीतरी त्यांनी सांगितलं, "तुम्ही विज्ञानाच्या मॅडम. पुस्तकात असेल म्हणून मी मधे बोललो नाही."

तिने मन लावून प्रयत्न केला. वर टाकता यावं म्हणून पाठीमागे झुकायची, हात आभाळाकडे न्यायची. चार दिवसांत फेक ७.७० वर आली, दुसऱ्या आठवड्यात ७.५० च्या आसपास. मनगटही दुखायला लागलं. मी म्हणत होते, सवय व्हायला वेळ लागेल. एका सकाळी ती मला म्हणाली, "मॅडम, वर टाकायला गेलं की जोरच लागत नाही."

या वाक्यावर मी "सराव कर, लागेल" असं उत्तर दिलं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच. प्रश्नाचं जवळजवळ पूर्ण उत्तर तिने एका ओळीत दिलं होतं आणि मी ते तक्रार म्हणून ऐकलं.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं बसलो. तालुका स्पर्धेला चार आठवडे होते.

आहे तेच चालू ठेवावं, हा एक मार्ग. माझ्या मनात अजून तोच होता, कारण सूत्राच्या मांडणीत मला चूक दिसत नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे माझा सल्ला पूर्ण विसरून तिने जुन्या पद्धतीवर परत जावं आणि मी वर्गात राहावं. क्रीडाशिक्षकांना हे पसंत होतं, आणि खेळाडूच्या दृष्टीने तेच सर्वांत सुरक्षित होतं. तिसरा मार्ग तिने सुचवला: "दोन्ही पद्धतींनी टाकते, तुम्ही मोजा."

आम्ही दुसरा आणि तिसरा एकत्र केला. सराव लगेच जुन्या पद्धतीने सुरू करायचा, मनगट बरं होईपर्यंत थोडा हलका. बरं झाल्यावर दोन दिवस, दिवसाला फक्त सहा मोजणीच्या फेकी. क्रीडाशिक्षकांनी अट घातली की आकडे काहीही आले तरी त्यांना विचारल्याशिवाय तिच्या तंत्रात काही बदलायचं नाही. चित्रण करायचं म्हणून तिच्या आईला मी घरी जाऊन विचारलं. स्पर्धा संपल्यावर चित्रफिती पुसून टाकायच्या, असं ठरलं.

मोजणी

महागडं काहीच नव्हतं. मेजरिंग टेप, वर्गातल्या एका मुलाचा स्लो मोशनवाला मोबाइल, दर २० सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा ओढलेली लाकडी पट्टी आणि एका विद्यार्थ्याच्या गवंडी वडिलांकडून आणलेला ओळंबा.

कोन थेट मोजायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. त्याहून सोपी वाट आहे, आणि अकरावीच्या गणितात ती बसते. गोळा हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ आणि आडवं अंतर माहीत असलं की आडवा वेग मिळाला: अंतर भागिले वेळ. गोळा सुटला ती उंची माहीत असली की उभा वेगही मिळतो. गुरुत्वामुळे त्या वेळात गोळा जितका खाली यायला हवा, त्यातून प्रत्यक्षात खाली आलेली उंची वजा करा आणि वेळेने भागा. दोन्ही वेग मिळाले की सुटतानाचा वेग आणि कोन आपोआप हातात येतात.

पहिल्या दिवसाचे आकडे आम्ही टाकून दिले. एक तर मोबाइल सेकंदाला ३० चित्रांवर होता. एका चित्राची चूक म्हणजे ०.०३३ सेकंद, आणि तेवढ्याने कोन सुमारे दोन अंशांनी हलतो. दुसऱ्या दिवशी सेकंदाला २४० चित्रं घेतली. दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. स्पर्धेतलं अंतर स्टॉप बोर्डाच्या, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या फळीच्या, आतल्या कडेपासून मोजतात, पण गोळा सुटतो तेव्हा हात त्या कडेच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे हवेतलं अंतर अधिकृत अंतराहून कमी. ते किती, हे चित्रात पट्टी आणि ओळंबा धरून काढलं. जुन्या पद्धतीत हात बोर्डाच्या २० सेंटिमीटर पुढे होता, 'माझ्या' पद्धतीत फक्त १२. मागे झुकून टाकल्यामुळे ८ सेंटिमीटर गोळा सुटायच्या आधीच गेले होते.

चिखलाचा मात्र फायदा झाला. गोळा पडला की खळगा एकदम स्पष्ट उमटायचा, टेप कुठे लावायचा यावर वाद नाही.

आकड्यांनी काय सांगितलं

प्रत्येक पद्धतीची एक नमुन्याची फेक देते. सुटण्याची उंची दोन्हीकडे १.८० मीटर धरली आहे, कारण फरक दोन-तीन सेंटिमीटरचाच होता.

वर टाकलेली फेक: हवेतलं अंतर ७.३४ मीटर, वेळ १.३७ सेकंद. यावरून सुटतानाचा वेग ७.६ मीटर प्रति सेकंद आणि कोन ४५ अंश. म्हणजे तिने माझा सल्ला अगदी तंतोतंत पाळला होता.

तिची नेहमीची फेक: हवेतलं अंतर ८.१० मीटर, वेळ १.२० सेकंद. वेग ८.०५ मीटर प्रति सेकंद, कोन ३३ अंश.

फळ्यावर हे मांडल्यावर वर्ग शांत झाला. मग एकाने विचारलं, "वेग तोच ठेवून फक्त कोन बदलला असता तर?" गणित केलं. ८.०५ च्या वेगाने ३३ अंशांना ८.१० मीटर, आणि त्याच वेगाने ४५ अंशांना ८.०८. दोन सेंटिमीटरचा फरक! कोनाने जवळजवळ काहीच बिघडवलं नव्हतं. पाऊण मीटर खाल्लं होतं ते वेगातल्या ०.४५ मीटर प्रति सेकंदाच्या घटीने.

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, कारण माझी चूक एक नव्हती, दोन होत्या.

पहिली सुटण्याच्या उंचीची. ते सूत्र गोळा ज्या पातळीवरून सुटला त्याच पातळीवर पडतो असं धरून काढलेलं आहे. गोळाफेकीत तो खांद्याच्या वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. ही १.८० मीटरची उंची गणितात घेतली की तिच्या वेगासाठी उत्तम कोन ४५ नव्हे, ३८.८ अंश येतो. फेक जितकी जवळची, तितका या उंचीचा प्रभाव जास्त आणि उत्तम कोन तितका खाली. ही दुरुस्ती बऱ्याच चांगल्या पुस्तकांत असते. मी शिकवताना ती ओलांडून गेले होते, कारण परीक्षेत येत नाही.

दुसरी चूक खोल आहे. ४५ अंशांचं उत्तर मुळात तोफांसाठी शोधलेलं. सोळाव्या शतकात इटलीतल्या टार्टाग्लियाने १५३७ च्या ग्रंथात ते मांडलं, पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओने सिद्ध केलं. तोफेची नळी वर करा वा खाली, दारूचा जोर तोच असतो. गोळा त्याच वेगाने बाहेर पडतो. माणसाचा हात तसा नाही. वर ढकलताना दोन बाजूंनी वेग जातो. एक, ढकलत असतानाच गोळा उंच चढवावा लागतो. सव्वा मीटरच्या आसपास ढकल धरली तर ३३ ऐवजी ४५ अंशांना गोळा सुमारे २० सेंटिमीटर जास्त उचलावा लागतो. ४ किलोला त्यासाठी साडेसात-आठ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) लागतात आणि तेवढ्याने वेग जवळजवळ पाव मीटर प्रति सेकंदाने उतरतो. म्हणजे घटीचा निम्मा हिशेब इथेच लागला. उरलेला निम्मा शरीराचा. छातीसमोर ढकलताना छातीचे, खांद्याचे, दंडाचे स्नायू एकत्र कामाला येतात. डोक्यावर ढकलताना छातीचा वाटा कमी होतो. व्यायामशाळेत आडवं झोपून जितकं वजन उचलता येतं तितकं उभं राहून डोक्यावर नेता येत नाही, हे कुठलाही पोरगा सांगेल.

"वर टाकायला गेलं की जोरच लागत नाही." बरोबर तेच.

जगातले अव्वल गोळाफेकपटूही ४५ ला टाकत नाहीत. त्यांचे कोन साधारण तिशीच्या पहिल्या भागापासून चाळिशीच्या थोडं आतपर्यंत असतात. आमच्या क्रीडाशिक्षकांच्या डोळ्यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं, फक्त अंशांत माहीत नव्हतं.

एक शंका वर्गातून आली ती हवेची. ती तपासण्यासारखी होती. ८ मीटर प्रति सेकंद वेगाला ४ किलोच्या गोळ्यावर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी निघतो. म्हणून गोळाफेक हा वर्गातल्या गणिताला सर्वांत प्रामाणिक राहणारा खेळ. भालाफेकीत मात्र हवाच अर्धा खेळ असते. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला, आणि १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. भाला नाकावर लवकर पडावा, सपाट तरंगत जाऊ नये म्हणून. तिथे आमचं ओळंबा-टेपचं गणित पहिल्याच पावलाला अडलं असतं.

दुसरा निर्णय: ३८.८ च्या मागे जायचं का?

मला पुन्हा मोह झालाच. उत्तम कोन ३८.८, ती टाकते ३३ ला. वेग तोच राहिला तर ११ सेंटिमीटर वाढतील. तालुक्यात ११ सेंटिमीटरने क्रमांक बदलतो.

या वेळी आधी हिशेब केला. १२ अंश वर नेताना वेग ०.४५ ने घसरला होता, म्हणजे अंशाला ०.०४ च्या जरा खाली. सहा अंश वर नेले तर सुमारे ०.२२ जाणार. तेवढ्या घटीची किंमत ३७ सेंटिमीटर. ११ कमवायला ३७ गमवायचे. अंदाज ढोबळ आहे. दोन बिंदूंवरून ओढलेली सरळ रेष आहे ती. पण दिशा स्पष्ट होती: तिच्या शरीराने शोधलेला ३३ चा कोन तिच्यासाठी योग्य होता. तो सोडायचा नाही.

मग तीच म्हणाली, "कोन राहू दे. वेग कसा वाढतो ते बघू ना."

प्रश्न बदलला तो इथे. वेगाचं महत्त्व वर्गाला पटावं म्हणून मी एक तुलना काढली. महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या आभा खटुआ यांनी २०२४ मध्ये याच ४ किलोच्या गोळ्याने १८.४१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. उत्तम कोन धरूनही तेवढ्या अंतराला सुमारे साडेबारा मीटर प्रति सेकंद वेग लागतो. आमच्या मुलीचा ८. गोळा तोच, पृथ्वी तीच. फरक जवळजवळ सगळा गोळा हातातून सुटण्याआधीच्या सेकंदात पडतो.

म्हणून आम्ही पुन्हा चित्रफिती लावल्या, पण या वेळी गोळा सुटल्यानंतरचा भाग पाहिला नाही. वर्तुळाच्या मागच्या कडेपासून पुढे सरकतानाचा भाग पाहिला. तोपर्यंत आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो.

ती ग्लाइड करायची: पाठ पुढच्या दिशेला करून उभं राहायचं, उजव्या पायावर मागे सरकत वर्तुळाच्या मध्यावर यायचं, डावा पाय स्टॉप बोर्डाजवळ टेकवायचा आणि वळून ढकलायचं. चित्रांत उजवा पाय टेकल्यापासून डावा टेकेपर्यंत ७० चित्रं मोजली. म्हणजे ०.२९ सेकंद. सरकताना तिचं अंग १.६ मीटर प्रति सेकंदाने चाललं होतं. डावा पाय टेकेपर्यंत ते जवळजवळ थांबलेलं दिसत होतं. ती सरकायची, थांबायची आणि मग ढकलायची. जागेवर उभं राहून टाकलं तरी तिची फेक ८ मीटर जायची, आणि ग्लाइडने त्यात फक्त ३० सेंटिमीटरची भर पडत होती. याचं कारण हेच.

इथे वर्गात एक सुंदर वाद झाला. एका मुलाने गणित मांडलं: गोळ्याला आधीच १.६ चा वेग आहे, तो वाया न जाता धरला तरी ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात, ४ किलोच्या गोळ्यात हे फक्त ५ ज्यूल. सुटतानाच्या १३० ज्यूलपुढे ५ म्हणजे काहीच नाही. गणित बिनचूक होतं. मी अडले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण ती पण सरकतेय ना? तिचं वजन?"

५५ किलोचं शरीर १.६ च्या वेगाने म्हणजे ७० ज्यूल. गोळ्याच्या ऊर्जेच्या निम्म्याहून जास्त! थांबल्यामुळे ती सगळी बुटाच्या तळव्यातून सिमेंटमध्ये जात होती. त्यातला थोडा वाटा जरी गोळ्याकडे वळवला तरी फरक पडणार होता. आणि तो वळवायचा कसा? एसटीने करकचून ब्रेक मारला की उभ्या माणसाचे पाय गाडीबरोबर थांबतात आणि धड पुढे फेकलं जातं. डावा पाय वेळेवर, ताठ रोवला की तेच होतं: खालचं अंग थांबतं, वरचं अंग आणि त्याबरोबर गोळा पुढे जातो.

मी ही मांडणी घेऊन क्रीडाशिक्षकांकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी रोज काय ओरडतोय? डावा पाय रोव." मी म्हटलं, ओरडता तुम्ही रोव म्हणून, पण अडचण कधी रोवायचा याची आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मला दिसलं नव्हतं. डोळ्याला थांबा दिसत नाही एवढा."

काय केलं

तीन आठवडे उरले होते. सरावाचा आराखडा पूर्णपणे क्रीडाशिक्षकांचा, माझं काम फक्त दर शनिवारी चित्रं मोजायचं. त्यांनी तिला काही दिवस जुना ३ किलोचा गोळा दिला, गोळा न घेता नुसतं सरकणं करवून घेतलं, डावा पाय जिथे पडायला हवा तिथे फक्कीची खूण केली. पण सर्वांत उपयोगी पडला तो आवाज. पायांचा ठेका 'टप... टप' येत होता, तो 'टप-टप' यायला हवा. ते पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "उशीर." तिलाही दोन-चार दिवसांत स्वतःच्या पायांचा आवाज ऐकू यायला लागला. आकड्यांपेक्षा हे तिच्या अंगात लवकर उतरलं. 'दोनशे नव्वदचे दीडशे मिलिसेकंद कर' असं सांगून कुणाचे पाय हललेत?

कोनाबद्दल तिच्याशी कुणी एक शब्दही बोलायचं नाही, हे आम्ही पाळलं.

निकाल

तिसऱ्या शनिवारी दोन पायांमधला वेळ ४१ चित्रांवर, म्हणजे ०.१७ सेकंदावर आला. तालुक्याला तिने ८.५२ मीटर टाकून पहिला क्रमांक घेतला. जिल्ह्याला ८.७१, तिची त्या वर्षातली सर्वोत्तम फेक. क्रमांक तिसरा आला आणि विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली नाही. पहिल्या दोघी नऊ मीटरच्या पुढे होत्या. ती रडली, आणि मलाही वाईट वाटलं. माझ्या सल्ल्यात गेलेले दोन आठवडे आणि मनगटाच्या दुखण्यात गेलेले दिवस हाताशी असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्याच सूत्रात नाही.

८.७१ च्या फेकीचं चित्रण स्पर्धेच्या मैदानावर करता आलं नाही. उंची, कोन आणि बोर्डापुढचा हात तेच धरून उलटं गणित केलं तर सुटतानाचा वेग ८.३ येतो. गोळ्याची ऊर्जा १३० वरून १३८ ज्यूल. शरीराच्या ७० मधले जेमतेम ८ तिने गोळ्याकडे वळवले होते. ताकद वाढल्याचाही यात वाटा असेल. तीन आठवड्यांच्या सरावात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, आणि ते वेगळे निघतील अशी मोजणी आम्ही केलीही नव्हती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, मी बोलण्याआधी मोजेन. मोजायला दोन सकाळी पुरल्या. त्या सल्ल्याच्या आधी खर्च केल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. आणि मोजण्याच्याही आधी क्रीडाशिक्षकांना विचारेन, "हिला वर टाकायला का सांगत नाही?" त्यांच्याकडे अंश नव्हते, पण उत्तर होतं. माझ्याकडे अंश होते, उत्तर चुकीचं.

खेळाडू जे सांगते ते निरीक्षण म्हणून वहीत लिहायचं, त्याच दिवशी, तिच्या शब्दांत. आता आम्ही तसं करतो. टेपच्या आकड्याशेजारी एक रकाना आहे: 'कसं वाटलं'. पहिल्या आठवड्यात हा रकाना असता तर तिथे 'जोर लागत नाही' चार दिवस सलग लिहिलं गेलं असतं, आणि चार दिवस सलग लिहिलेली गोष्ट मी डावलली नसती, असं मला वाटतं.

हंगाम चालू असताना तंत्र बदलायचं नव्हतं, हे तर कुठल्याही प्रशिक्षकाने सांगितलं असतं. डिसेंबर-जानेवारीत, स्पर्धा नसताना, दहा मुलामुलींवर हाच प्रयोग बिनधोक करता आला असता. तो आम्ही पुढच्या वर्षी केला. दहापैकी नऊ जणांचा वेग कोन वाढवल्यावर कमी झाला. एका उंच मुलाचा जवळजवळ तसाच राहिला, आणि तो का राहिला हे शोधायचं काम अजून बाकी आहे. त्याच्या खांद्याची ठेवण, की आमच्या मोजणीतली गफलत? त्याच्या फेकी पुन्हा घ्यायच्या आहेत.

वर्गातलं शिकवणंही बदललं. पल्ल्याचं सूत्र लिहिण्याआधी त्याच्या अटी फळ्यावर लिहिते: सुटण्याची आणि पडण्याची पातळी एक, वेग कोनावर अवलंबून नाही, हवा नगण्य. मग मुलांना विचारते, यातली कुठली अट कुठल्या खेळात मोडते. भाल्यात हवा मोडते, बास्केटबॉलमध्ये पातळी मोडते, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे येणाऱ्या थ्रोत वेगाची अट मोडते, आणि तिथे तर लांबीपेक्षा वेळ महत्त्वाचा. गोळाफेकीवर आले की पाहिलेल्या चित्रांतली चार चित्रं मी फळ्यावर रेखाटते: उजवा पाय टेकला, डावा अजून हवेत, डावा टेकला, गोळा सुटला. कोन शेवटच्या चित्रात आहे. मुलांनी पहिली तीन आधी सोडवायची.